पणाला बारा वर्षे : कऱ्हाकाठचा सारीपाट

खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले आणि डाव मोडला तेव्हा देव बारा वर्षांसाठी घराबाहेर पडला. जेजुरीच्या मुलखात जागरणाची रात्र चढत जाते तशी वाघ्या-मुरळीच्या तोंडी ही कथा रंगत जाते. डावाचा पण असा लागला होता, की जो हरेल त्याने बारा वर्षे वनवास भोगायचा. म्हाळसा जिंकली. देव हरला, पण तो मुद्दाम हरला हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. चंदनपुरीच्या धनगराची लेक बाणाई त्याच्या मनात भरली होती, आणि लग्नाच्या बायकोसमोरून उजळ माथ्याने निघायचे तर हरण्याइतकी चांगली सबब दुसरी कुठली?

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या देवाची पालखी ज्या कऱ्हेवर स्नानाला जाते, तीच नदी पुढे मोरगावच्या मोरेश्वराजवळून बारामतीत येते आणि सोनगावला नीरेला मिळते.  कऱ्हा आणि नीरा यांच्या मधल्या पट्ट्यात नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास पाणी घेऊन आला आणि इथे उसाचे राज्य सुरू झाले. त्याआधीचा हा मुलूख कोरडवाहू शेतीचा आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांचा. होळकरांना आडनाव देणारे होळ हे गावही नीरेकाठचेच, आणि जेजुरीच्या गडावरचे पुष्कळसे दगडी बांधकाम होळकरांच्या पैशाने उभे राहिले. अशा मुलखात देवाच्या दुसऱ्या लग्नाची कथा सारीपाटाच्या एका डावावर उभी आहे, हे नुसते गमतीचे म्हणून सोडून देता येत नाही. त्या डावाचे नियम आणि हिशेब कसा चाले हे पाहिल्याशिवाय कथाही पुरती उलगडत नाही.

पट म्हणजे अधिक चिन्हासारखे चार बाहू जोडलेले कापड. एकेका बाहूत तीन रांगा, रांगेत आठ घरे. म्हणजे बाहूत चोवीस आणि चारही मिळून शहाण्णव. मधला चौक वेगळा. पट कापडाचा असण्यात सोय मोठी होती. घडी घालून ट्रंकेत किंवा घोड्याच्या खोगिरात ठेवता येई, आणि कुणी मोठे माणूस आले की क्षणात गुंडाळताही येई. सोंगट्या सोळा, चार रंगांच्या चार-चार: लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या. खेळणारे चौघे, पण बाजू दोनच. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. पिवळ्याचा जोडीदार काळा, लालचा जोडीदार हिरवा.

प्रत्येकाची सोंगटी मधल्या चौकातून निघते, आपल्याच बाहूच्या मधल्या रांगेने खाली उतरते, मग पटाच्या कडेकडेने घड्याळाच्या उलट दिशेने चारही बाहूंना वळसा घालते आणि पुन्हा आपल्या मधल्या रांगेने वर चढून घरी येते. परतीच्या रांगेत शिरलेली सोंगटी आडवी ठेवायची, म्हणजे नुकती निघालेली आणि परत आलेली यांत गफलत होत नाही. वाटेत प्रतिपक्षाची एकटी सोंगटी गाठली की ती मरते. तिला पुन्हा चौकातून सुरुवात करावी लागते. दोन सोंगट्या एकाच घरात जोडीने बसल्या की त्यांना हात लावणे कठीण. कवड्यांनी खेळतात त्या पटावर काही घरांत फुल्या काढलेल्या असतात. तिथे बसलेल्याला कुणी मारू शकत नाही. बाहूच्या टोकाला मधोमध एक आणि दोन्ही कडेच्या रांगांत एकेक, अशा तीन फुल्या; चार बाहूंवर बारा.

आता हिशेब. चौकातून उतरायला आठ घरे, सबंध वळशाला अडुसष्ट, परतीला सात आणि शेवटचे पाऊल घरात. एका सोंगटीला एकूण ८४ घरे चालावे लागते. चार सोंगट्यांना ३३६. फासे तीन असतील आणि प्रत्येकाच्या चार लांब बाजूंवर १, २, ५, ६ असे ठिपके असतील, तर एका फाशाचे सरासरी दान साडेतीन आणि तिन्हींचे साडेदहा. म्हणजे कुणी कुणाला मारलेच नाही आणि एकही दान वाया गेले नाही, तर एका खेळाडूला ३३६ घरांसाठी बत्तीस दाने टाकावी लागतील. प्रत्यक्षात सोंगट्या मरतात, शेवटच्या घरासाठी नेमके दान पडेपर्यंत ताटकळावे लागते आणि जोडीच्या आठही सोंगट्या घरी पोचल्याशिवाय डाव संपत नाही. संध्याकाळी मांडलेला पट मध्यरात्री उठला तर त्यात नवल नव्हते.

त्यातून भिडूचा मामला. आपल्या चारही सोंगट्या घरी गेल्या म्हणून पट सोडून उठता येत नाही. जोडीदार मागे असेल तर आपण जिंकलेलो नसतोच. म्हणून मुरलेला खेळाडू घराच्या दारात आलेली सोंगटी कधी कधी आत नेत नाही. तिला दुसऱ्या फेरीला धाडतो, वाटेत बसवतो, जोडीदाराच्या मागे लागलेल्याला मारतो. पहिल्यांदा पट पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. खरे तर इथेच हा खेळ नुसत्या नशिबाचा राहत नाही.

कवड्यांचे गणित निराळे. सहा कवड्या टाकायच्या आणि किती उताण्या पडल्या ते मोजायचे. दोन, तीन, चार, पाच उताण्या पडल्या तर तितकीच घरे. सहाही उताण्या पडल्या तर सहा. एकच पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. सहा, दहा आणि पंचवीस या दानांना पुन्हा टाकण्याचा हक्क मिळतो. पंचवीस पडणे दुर्मीळ. कवडी नाण्यासारखी निम्मी-निम्मी पडते असे धरले तरी चौसष्टांत एकदा. आणि कवडी तशी कधीच पडत नाही, ती आपल्या वजनाने आणि आकाराने पडते. कुठे सात कवड्यांचा प्रघात, मग दानांचे कोष्टक वेगळे. गावोगावी, वाड्यावाड्यावर नियम बदलत, आणि भांडणेही बहुधा त्यावरूनच होत.

मात्र एक गोष्ट कुठेच बदलत नाही. सारीपाटात गुण नाहीत. कागदावर काही लिहावे लागत नाही. या बाबतीत जगातल्या दुसऱ्या एका ठिपक्यांच्या खेळाशी, डॉमिनोशी, त्याची तुलना करण्यासारखी आहे. डॉमिनो हे फाशांचेच भावंड. चीनमध्ये दोन फाशांची जी एकवीस वेगवेगळी दाने पडू शकतात ती तुकड्यांवर कोरली गेली, काही दाने दुहेरी करून बत्तीस तुकड्यांचा संच झाला. अठराव्या शतकात इटलीत हा खेळ दिसू लागतो तेव्हा त्यात कोरी बाजू आलेली असते आणि तुकडे अठ्ठावीस झालेले असतात. चौघांनी सात-सात घ्यायचे, टोकाला टोक जुळवत ओळ वाढवायची, ज्याचे तुकडे आधी संपतील तो जिंकला. पण नुसते जिंकून भागत नाही. हरलेल्यांच्या हातात उरलेल्या तुकड्यांचे ठिपके मोजून ते विजेत्याच्या नावावर मांडायचे, आणि असे करत कुणी शंभरावर पोचेपर्यंत डावामागून डाव खेळायचे. सबंध संचात १६८ ठिपके असतात, तेव्हा कुणाकडे काय उरले असेल याचा अंदाज हुशार खेळाडू मनातल्या मनात बांधत असतो. तिथे हार किती मोठी, हे आकड्यात सांगता येते.

सारीपाटात हार ही हार असते, एका सोंगटीने झाली काय आणि आठांनी झाली काय. तिचे मोल ठरवतो तो पण. गुणांची जागा पणाने घेतली म्हणूनच आपल्याकडच्या या खेळाच्या साऱ्या कथा, कायदे आणि धर्मशास्त्र पणाभोवती फिरत राहिले.

या कथांमध्ये सर्वांत जुना आवाज ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तातला, जुगारात बायको गमावून बसलेल्या माणसाचा. तेव्हा फासे म्हणून वापरत ती बेहड्याची फळे. सह्याद्रीच्या रानांत बेहडा आजही उभा आहे, त्रिफळ्यात पडण्यापुरती त्याची ओळख उरली आहे. महाभारतात नळाला द्यूताचे मर्म शिकवणारा ऋतुपर्ण राजा आधी एका बेहड्याची पाने आणि फळे नजरेने मोजून दाखवतो. अक्षविद्या म्हणजे मोजण्याची विद्या, हे त्या कथेला नेमके माहीत आहे. भागवतात बलराम आणि विदर्भाचा रुक्मी खेळायला बसतात ती जागा भोजकट. पण शंभरावरून हजारावर, हजारावरून दहा हजारांवर चढतो, बलराम हरत जातो. मग लाखाचा डाव बलराम जिंकतो आणि रुक्मी म्हणतो, मीच जिंकलो. पुढच्या डावालाही तेच. आकाशवाणी बलरामाच्या बाजूने होते, रुक्मी तीही मानत नाही, आणि नातवाच्या लग्नाच्या मांडवात त्याचा जीव जातो. लिहून ठेवलेला हिशेब नाही आणि सर्वांनी मानलेला पंच नाही, तेव्हा काय होते त्याचे हे विदर्भातले उदाहरण.

दगडातला पुरावाही महाराष्ट्रातच आहे. वेरूळच्या एकविसाव्या, रामेश्वर नावाच्या लेण्यात शिव आणि पार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत. चौदाव्या लेण्यातही तोच प्रसंग आहे. सहाव्या-सातव्या शतकांतले हे काम. खाली गणांची टोळी नंदीच्या मागे लागून त्याला छळते आहे. वर नवरा-बायकोचा डाव आणि खाली बैलाची दैना, असा घरगुती विनोद इतक्या मोठ्या शिळेवर कोरायचे धाडस त्या शिल्पकारांनी केले. खंडोबा हा लोकांच्या लेखी शंकराचाच अवतार आणि म्हाळसा पार्वतीचा. तेव्हा जेजुरीचा डाव म्हणजे वेरूळच्या डावाची गावरान आवृत्ती, असे म्हणायला हरकत नाही.

बाराव्या शतकात चालुक्यांची राजधानी कल्याणी, आजचे बसवकल्याण, मराठी आणि कानडीच्या सीमेवर. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजाने ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. राजाने काय खावे, कसे नाहावे, कुठली गाणी ऐकावी इथपासून सगळे त्यात आहे. विनोदांच्या प्रकरणांत बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ नियमांसकट सांगितले आहेत. राजा स्वतः लिहितो म्हणजे खेळ प्रतिष्ठित होता. त्याच कल्याणीत, त्याच्या वडिलांच्या कारकिर्दीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिच्यात द्यूताचा वेगळा भाग आहे. याज्ञवल्क्याचा नियम असा, की जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याने शंभर किंवा त्याहून मोठ्या पणाच्या जितावर शेकडा पाच घ्यावे आणि इतरांकडून शेकडा दहा. त्यातला ठरलेला वाटा राजाला द्यावा, जिंकलेले धन जिंकणाऱ्याला मिळवून द्यावे. कौटिल्यानेही द्यूताध्यक्ष नेमून शेकडा पाच वसूल करायला सांगितले होते. मनूने मात्र राज्यातून द्यूत हद्दपारच करावे असे बजावले. बंदी की कर, हा वाद आजच्या विधिमंडळातही जुना झालेला नाही.

महानुभावांच्या लीळाचरित्रातला एक प्रसंग या साऱ्यांपेक्षा अंगाला जास्त भिडतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी जमवलेल्या या आठवणींनुसार, चक्रधरस्वामी संन्यस्त होण्यापूर्वी गुजरातेत प्रधानाच्या घरातले हरिपाळदेव होते आणि त्यांना जुगाराचा नाद होता. एकदा बरेच हरले. देणे भागवायला त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने नाही म्हटले. तिथून त्यांचे मन उडाले, आणि रामटेकच्या वाटेला लागलेला तो माणूस पुढे मराठी मुलखात चक्रधर झाला. मराठीतल्या पहिल्या गद्य चरित्राच्या मुळाशी असे एक जुगाराचे देणे आहे.

धर्माने खेळाला सणाची जागाही दिली. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी फिरते आणि कोण जागे आहे विचारते. जागरणासाठी फाशांनी खेळावे असे व्रतग्रंथ सांगतात. आता आटीव दूध उरले, फासे गेले. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, कारण त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा. गुजराती-मारवाडी पेढ्यांत त्या रात्रींचे पत्ते अजून चालतात. मराठी घरांत पाडव्याची ओवाळणी तेवढी राहिली. ती घ्यायची बायकोने, हे त्या जुन्या डावाशी जुळणारेच आहे.

तुळजापूरलाही देवीचा पट आहे. भवानी रात्री भारतीबुवांच्या मठात सारीपाट खेळायला येत असे, अशी तिथली श्रद्धा. देव माणसाशी खेळतो तेव्हा पण कसला लागत असेल, हे कुणी विचारत नाही.

बारामतीत मात्र हा खेळ आला तो आर्येतून. पेशव्यांचे सोयरे बाबूजी नाईक बारामतीकर हे मोठे सावकार. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा. पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेले कवी मोरोपंत त्यांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. सबंध महाभारत त्यांनी आर्या वृत्तात उतरवले, आणि सभापर्वात द्यूत टाळता येत नाही. शकुनीचे फासे, धर्मराजाचा न सुटणारा हट्ट, मग दुसऱ्या डावाला लागलेला बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास हे सारे कऱ्हेच्या काठावर मराठीत पुन्हा मांडले गेले. आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला, जेजुरीच्या पायथ्याशी, न लिहिलेल्या गाण्यांत खंडोबा बारा वर्षांच्या पणावर खेळत होता. पुराणिक आणि वाघ्या यांचे श्रोते एकाच बाजारात येणारे. त्यांनी या दोन वनवासांची सांगड घातली नसेल असे मानणे अवघड आहे.

पण दोन्ही कथांचा रोख उलटा आहे. पांडव हरतात आणि सर्वस्व जाते. खंडोबा हरतो आणि त्याला हवे ते मिळते. बाणाईच्या बापाकडे तो मेंढक्या म्हणून चाकरीला राहतो, खाली मान घालून मेंढरे हाकतो, एक दिवस ओढ्यावर सगळी मेंढरे मारून टाकतो आणि लेक देणार असाल तर जिवंत करतो म्हणतो. लग्न होते. जेजुरीला परत आल्यावर दोन सवतींची जुंपते. म्हाळसा देवाशेजारी गडावर राहते आणि बाणाईचे देऊळ गडाच्या वाटेवर, निम्म्या चढावर होते. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. व्यापारी पेठ आणि मेंढपाळांचे वाडे या दोन समाजांना एकाच देवाच्या संसारात जागा मिळते. धनगरांच्या आणि खंडोबाच्या परंपरांवर आयुष्य घालवलेल्या ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने हे नाते बारकाईने उलगडून दाखवले. ते स्वतः या मुलखातल्या वाड्यांवर हिंडले, त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांच्यानंतर जेजुरीची ही कथा नुसती देवाची रंगेल गोष्ट म्हणून वाचता येत नाही.

सारीपाटच का, याचे उत्तर खेळाच्या घडणीत आहे. बुद्धिबळात हरलेला माणूस कमी हुशार ठरतो. देवाला ते परवडत नाही. सारीपाटात दान आपल्या हातात नसते, पण कुठली सोंगटी चालवायची ते असते. म्हणून हरणाऱ्याला दैवाकडे बोट दाखवता येते आणि मुद्दाम हरायचे असेल तर तेही बेमालूम जमते. म्हाळसेला डाव जिंकल्याचे समाधान, देवाला सुटका. भांडण न करता घर सोडण्याची ही मराठी युक्ती पंचायतीतल्या कुठल्याही तडजोडीपेक्षा सरस आहे.

अकबराच्या दरबारातल्या खेळाचा तपशील अबुल फजलने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवला. सोळा सोंगट्या, तीन फासे, फाशावर एक, दोन, पाच, सहा. वर हिशेब मांडला तो त्याच फाशांचा. अकबर स्वतः त्यात रमे, आणि त्याने सोळा खेळाडूंचा चंदल-मंदल नावाचा मोठा खेळही काढला. खेड्यात हस्तिदंती फासे कुठून येणार? तिथे कवड्या, आणि कवड्याही नसल्या तर चिंचोके. चार चिंचोके दगडावर घासून उभे चिरले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जमिनीवर पाच बाय पाच घरांचा पट खडूने किंवा कोळशाने काढायचा. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा टाकायचे. कडेच्या सोळा घरांतून एका दिशेने, आतल्या आठांतून उलट दिशेने आणि शेवटी मधल्या घरात. पण कुणाला तरी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. या खेळाचे नाव काही ठिकाणी चल्लस आठ, काही ठिकाणी अष्टचंग. माहेरी आलेल्या लेकी आणि दुपारच्या म्हाताऱ्या यांनी हा खेळ जगवला. ग्रंथांत त्याची नोंद नाही, कारण ग्रंथ लिहिणारे पुरुष तिथे नसत.

सारीपाट मागे पडला तो एकाच कारणाने नव्हे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आणि बाकीचे खेळ अड्ड्यावर किंवा रस्त्यावर पण लावून खेळणे गुन्हा ठरवले. फाशांचा खेळ कौशल्याचा आहे असे कुठल्या फौजदाराला पटवणार? पणच निघून गेल्यावर ज्या खेळात गुणच नाहीत त्यात उरते काय, हा प्रश्न मोठ्या माणसांपुढे आला असणार. दुसरीकडे विलायतेने याच पटाचे बालरूप करून परत पाठवले. अमेरिकेत १८७४ मध्ये पार्चीसी हे नाव नोंदले गेले, इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये लुडोचे पेटंट निघाले. एकच ठोकळा, पुठ्ठ्याचा पट, भिडूपणाचा पत्ता नाही, चोवीस घरांचे बाहू आखूड झालेले. छापील आणि स्वस्त. सापशिडीचेही तसेच झाले. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट घराघरांतून गेला आणि त्याचेच इंग्रजी पोर दुकानांत आले. लुडो वाईट खेळ नाही. पण सारीपाट येणाऱ्याने लुडो खेळणे म्हणजे मोट हाकणाऱ्याने तोटी उघडण्यासारखे आहे.

गंजिफेचे नशीब बरे निघाले. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात त्या गोल पानांची चित्रकला पुन्हा उभी केली, आणि दशावतारी गंजिफेची १२० पाने आज राजवाड्यात बनतात, विकत मिळतात. पाने मिळतात, खेळणारे मात्र बोटावर मोजण्याइतके. बुद्धिबळाला सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर मिळाले, स्पर्धा मिळाल्या, डाव लिहून ठेवायची पद्धत मिळाली. सारीपाटाला यांपैकी काहीच लाभले नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुने पट आणि फासे काचेआड नीट जपलेले दिसतात, पण काचेआडचा पट नियम सांगत नाही. सहा कवड्या की सात, फुलीवर दोघांना बसता येते की नाही, पंचवीस पडल्यावर किती सोंगट्या बाहेर काढायच्या, मेलेल्या सोंगटीला पुन्हा निघायला कुठले दान लागते, हे सगळे माणसांच्या तोंडी होते आणि दर गावाचे निराळे होते.

म्हणून बारामती-इंदापूरच्या वाचकांना एक विनंती. घरात एखादी आजी, मावशी किंवा चुलता असा असेल ज्याने कवड्यांनी किंवा फाशांनी पट खेळला आहे, तर यंदाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत त्यांना पट मांडायला सांगा आणि त्यांचे नियम, दानांची नावे आणि त्यांवरून होणारी भांडणे जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. गावाचे नाव आणि साल घालायला विसरू नका.